बेडकीचा एसी

पैठण रस्त्याला चितेगाव मागं पडलं की बुद्धभूषण खरातची नजर रस्ता सोडून डॅशबोर्डावर जायची. तिथं इंजिन किती तापलंय ते दाखवणारा काटा असतो. बारा वर्षं तो काटा मधोमध निवांत पडून होता, त्याच्याकडं कुणी ढुंकून बघितलं नव्हतं. या एप्रिलात मात्र तो उठला. बिडकीन येईपर्यंत लाल रेघेला जाऊन टेकायचा. एसी बंद केला की मुकाट खाली यायचा, चालू केला की पुन्हा वर. शेजारच्या सीटवर त्याची बायको रूपा ओल्या फडक्यानं मान पुसत म्हणायची, "बंदच राहू द्या. मला चालतंय." तिला चालत नव्हतं, हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं.

गाडीची हकीकत ऐकली की लोक हसतात, आणि हसावं अशीच ती आहे. वाळूजच्या ज्या कंपनीत बुद्धभूषण टूलरूममध्ये फिटर आहे, तिथं एकेकाळी एक परदेशी साहेब आला होता. ही त्याची हौस. लालभडक, जमिनीला टेकलेली, दोन दारं आणि दोनच सीट. साहेब मायदेशी गेला, गाडी शेडमागं राहिली. सात पावसाळे तिनं तिथंच काढले. टायर बसले, आत एका कुत्रीनं पिल्लं घातली. शेवटी कंपनीनं ती भंगारात काढली तेव्हा बुद्धभूषणनं हात वर केला आणि सगळ्या टूलरूमनं त्याला वेड्यात काढलं. हिचे पार्ट कुठं मिळणार, म्हणाले. त्यानं ते बाजारात शोधलेच नाहीत. जे लागलं ते सुटीच्या दिवशी ओळखीच्या वर्कशॉपात लेथवर स्वतः बनवलं. दोन वर्षांनी गाडी पडेगावच्या गल्लीत शिरली, बटण दाबल्याबरोबर पुढचे दोन दिवे बॉनेटमधून टपकन वर आले, आणि पोरांनी तिचं नाव बेडकी ठेवून टाकलं. ते इतकं बसलं की आरटीओतला एजंटसुद्धा विचारायचा, "बेडकी तुमचीच ना?"

एसी तेव्हा बंदच होता. तो उचकटून फेकायचा बुद्धभूषणचा पहिल्यापासूनचा बेत. "पैलवानाला स्वेटर कशाला?" असं तो म्हणायचा. रविवारी सकाळी दौलताबादच्या चढावर गाडी पिटाळायची, एवढंच त्याला त्या गाडीकडून हवं होतं, आणि एसीचं धूड त्यात नुसतं ओझं होतं. तरी तो राहिला. आज काढू, उद्या काढू, असा निव्वळ आळसानं राहिला.

मग रूपाचा अपघात झाला. ती वाळूजलाच, दुसऱ्या एका लहानशा कारखान्यात कंत्राटावर होती. लोखंडाचे सुटे भाग भट्टीत तापवून तेलात बुडवायचे, असं तिथलं काम. एके दिवशी ते तेल भडकलं. मान, पाठ, छाती, दोन्ही हात. चार ऑपरेशनं झाली, मांडीची कातडी काढून वर लावली. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "या कातडीला आता घाम येणार नाही. उन्हापासून जपा." बुद्धभूषणला आधी त्याचं काहीच वाटलं नाही. घाम येत नाही, यात वाईट काय? पहिला मार्च उजाडला तेव्हा कळलं. घाम नाही म्हणजे अंगातली आग बाहेर जायला वाटच नाही. दहा मिनिटं उन्हात काढली की रूपा लाल व्हायची, डोळे फिरायचे, उलट्या व्हायच्या. तेव्हापासून उन्हाळाभर सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा तिचं जग म्हणजे कूलरसमोरची एक खाट. चौदा एप्रिलची मिरवणूकही ती कानानंच पाहते. गल्लीच्या तोंडाशी वाजलेला ढोल ऐकून सांगते, यंदा पथक चांगलं आहे.

त्याच वर्षी बुद्धभूषणनं बेडकीचा एसी पुन्हा उभा केला. कॉम्प्रेसर उघडून आतल्या झिजलेल्या चकत्या नव्यानं घडवल्या. ज्या माणसाला तो फेकायचा होता त्यानंच तो तीन महिने खपून जिवंत केला, आणि पहिल्यांदा गार वारा आला तेव्हा रूपा दार लावून आत पाऊण तास बसून राहिली. बाहेर आली तेव्हा म्हणाली, "मला आईकडं न्या."

तिचं माहेर पैठणच्या अलीकडं. आई चंपाबाई आता ऐंशी पार केलेली, बाप कडुबा लकवा होऊन खाटेवर. भाऊ नाही. कडुबाला शहरात आणायचं नाव काढलं की तो लहान मुलासारखा रडतो, आणि त्याला सोडून चंपाबाईला तासाच्या वर कुठं जाता येत नाही. घर पत्र्याचं, विजेचा भरवसा नाही, म्हणजे रूपाला उन्हाळ्यात आत पाऊल टाकायची सोय नाही. एकदा भाड्याची गाडी करून बघितली होती. ड्रायव्हरनं डिझेल वाचवायला मध्येच एसी बंद केला आणि रूपा गेवराई तांड्याजवळ शुद्ध हरपून पडली. त्यानंतर परक्या गाडीचं नाव तिनं काढू दिलं नाही, आणि दुसरी स्वतःची गाडी घेण्याइतकी खरातांची ऐपत नव्हती. पोरगा सम्यक पुण्यात, त्याचंच त्याला पुरत नव्हतं.

म्हणून दर रविवारी असं व्हायचं. दारासमोरच्या लिंबाखाली बेडकी उभी राहायची, इंजिन चालू, एसी चालू. चंपाबाई एक लाल प्लास्टिकची खुर्ची आणून काचेला लावून बसायची. काच बोटभर खाली. त्या फटीतून मायलेकी तासभर बोलायच्या. कुणाचं लग्न जमलं, कुणाची म्हैस मेली, बाप काल दोन घास जास्त जेवला. बुद्धभूषण आत कडुबाजवळ बसायचा. तासाभरानं चंपाबाई उठायची, काचेवर तळवा ठेवायची, आतून रूपा ठेवायची. रूपाचा सगळा उन्हाळा त्या एका तासावर तरायचा. तो तास राहतो की जातो, एवढाच आता प्रश्न होता.

बुद्धभूषणनं गाडी नगर नाक्याजवळ माऊलीच्या गॅरेजात नेली. माऊली गाड्यांचे एसी आणि रेडिएटर दोन्ही बघतो, बोलायला फटकळ, हाताला चोख.

"मामा, गाडी ठेवायचीय का एसी ठेवायचाय?" त्यानं बॉनेट उघडायच्या आधीच विचारलं.

"दोन्ही."

"दोन्ही नाय जमायचं. इंजिन म्हातारं झालंय. त्याच्या उरावर कॉम्प्रेसर बसलाय, आन रेडिएटरच्या तोंडापुढं एसीची जाळी. वारं कुठून लागंल त्याला? तुम्ही तर तास तास उभ्या गाडीत एसी चालवता."

बोलता बोलता त्यानं इंजिनात पाणी खेळतं तिथलं, थर्मोस्टॅटचं झाकण खोललं आणि वाकून बघितलं. आत पिवळट पांढरा थर होता. पाणी जायची वाट करंगळीएवढी असायला हवी, ती पेन्सिलीच्या टोकाएवढी उरली होती. माऊलीनं स्क्रू-ड्रायव्हरनं टोकरलं तर कपची निघाली. ती त्यानं बुद्धभूषणच्या तळहातावर ठेवली.

"पानी कोनतं टाकता?"

"नळाचं. वेगळा कॅन ठेवलाय त्याच्यासाठी. वरून दरवर्षी कूलंट."

"हे नळाचं नाय मामा. बोरचं हाय. आन एक-दोन वर्षाचं नाय, लई जुनं हाय. सगळ्या इंजिनात दगड झालाय."

"धुवून निघणार नाही?"

"ॲसिड मारलं तर दगडाबरुबर इंजिनबी जाईल, जागजागी भोकं पडतील." माऊलीनं हात पुसले. "आता खरं सांगू का? एसीसकट चालवली तर पैठणच्या चार फेऱ्या निघतील, पाच निघतील. मग हेड गेलं, गाडी गेली. एसी काढला तर भार कमी, जाळी मोकळी. दिवाळी निघंल. पुढचा उन्हाळाबी निघंल, पर लिहून देत नाय."

बुद्धभूषणला राग आला तो माऊलीचाच. आयुष्यभर त्यानं केसापेक्षा बारीक फरक बोटाच्या चिमटीत ओळखला होता, आणि हा त्याला सांगतोय की तू गाडीला बोरचं पाणी पाजलंस. पण कपची तर तळहातावर होती.

खरातांच्या घरी पाण्याचा कायदा होता, तसा तो त्या भागात घरोघर असतो. नळ आठ-आठ, दहा-दहा दिवसांनी येतो. आला की ड्रम, टाक्या, पातेली, सगळं भरायचं. नळाचं पाणी प्यायला आणि रूपाच्या अंघोळीला, कारण बोरच्या पाण्यानं तिची कातडी तडकते. बाकी सगळ्याला बोर. आणि एक निळा दहा लिटरचा कॅन नळाच्याच पाण्याचा, बेडकीसाठी. बेडकीच्या वॉटर पंपाचं सील झिरपायचं, गाडीला रोज तांब्याभर पाणी लागायचं. हे काम रूपाचं. अपघातानंतर ती घरात नुसती बसून कुढायला लागली तेव्हा त्यानंच ते तिला दिलं होतं. पहाटे पाचला, गारव्यात, ती गाडी पुसायची, पाणी घालायची, पाच मिनिटं इंजिन चालू ठेवायची. बाराही वर्षं एक दिवस चुकली नव्हती. त्या पाच मिनिटांत ती कुणाची पेशंट नसायची.

दुसऱ्या दिवशी बुद्धभूषण पहाटे उठला आणि दाराआड उभा राहिला. बायकोवर पाळत ठेवायची लाज वाटत होती, तरी राहिला. नळ कालच येऊन गेला होता. रूपानं भरलेला निळा कॅन उचलला, स्वयंपाकघरात नेला आणि त्यातलं पाणी गाळणं लावून प्यायच्या माठात ओतलं. मग मोरीतल्या बोरच्या ड्रममधून कॅन भरला. मग बाहेर जाऊन बॉनेट उघडलं आणि त्यातलं तांब्याभर पाणी गाडीला घातलं. हात इतके सवयीचे होते की ती त्या वेळी काहीतरी गुणगुणत होती.

तेव्हा त्याला आठवलं. दहा वर्षांपूर्वी त्याला मुतखडा झाला होता. तीन दिवस तो जमिनीवर लोळला होता. डॉक्टरनं सांगितलं, बोरचं पाणी प्यायचं नाही, एक घोटसुद्धा नाही. आणि नळाचं पाणी तर पुढचा नळ यायच्या आधीच संपायचं. तो रूपाला म्हणाला होता, शेवटचे दोन-तीन दिवस कसं करायचं? रूपा म्हणाली होती, "पुरतं. मी बघते." आणि खरंच पुरलं. दहा वर्षं पुरलं. कुठून पुरतंय, हे त्यानं एकदाही विचारलं नव्हतं. जो खडा त्याच्या पोटात व्हायचा, तो बेडकीच्या पोटात झाला होता.

तो आत जाऊन खाटेवर पडला आणि झोपेचं सोंग घेतलं. डोळे भरून आले होते, आणि त्याच वेळी त्याला तिचा भयंकर राग आला होता. एका शब्दानं विचारलं असतं तर? दोन बाटल्या पाणी त्यानं कुठूनही आणलं असतं. पण विचारायला तिला त्यात विचारण्यासारखं काही वाटलंच नसणार. माणसाला चांगलं पाणी, यंत्राला दुसरं, यात चूक ती कोणती?

संध्याकाळी कूलरसमोर बसून रूपानं विषय काढला. "माऊली काय म्हणाला?"

"एसीचा भार पडतोय, म्हणाला."

तिनं ओलं फडकं मानेवर दाबलं. "म्हंजी माझ्यापायीच झालं. तास तास एसी लावून बसले, गाडी मारली मी तुमची."

"नाही."

"मग कशानं?"

बुद्धभूषणनं तोंड उघडलं. शब्द जिभेवर होते. कशानं, ते सांगितलं असतं तर एसीचा आळ तिच्यावरून उतरला असता आणि दुसरा, त्याहून जड, बसला असता. बारा वर्षं जे एक काम तिनं स्वतःचं मानलं होतं, त्याच कामानं गाडी गेली, असं त्याला तिच्या तोंडावर सांगावं लागलं असतं. "जुनी झालीय," तो म्हणाला.

"काढून टाका एसी," रूपा म्हणाली. "गाडी तरी ऱ्हाईल. दिवाळीनंतर थंडी पडंल तवा एसीबिगर जाऊ. बाबाला आत जाऊन बघीन. आई कुठं पळून चाललीय?"

खरं तर इथं त्यानं सांगायला हवं होतं. सांगायला हवं होतं की रूपा, ही गाडी आता काही केलं तरी जाणारच आहे. दिवाळीचा माऊलीला भरवसा नाही, तुझ्या आईच्या वयाचा कुणालाच नाही. चार फेऱ्या नक्की आहेत, चार तास आहेत, ते घे. तिनं कदाचित तेच घेतलं असतं. पण चारच का, हे विचारल्याशिवाय ती राहिली नसती, आणि त्याचं उत्तर निळ्या कॅनमध्ये होतं. तिला एका दुःखातून वाचवायला त्यानं तिचे ते चार तास गप्प राहून घालवले. त्याला हे त्याच क्षणी कळत होतं. कळत असूनही तो "बरं" म्हणाला.

शनिवारी एसी काढला. माऊलीनं गॅस सोडला, बाकीचं काम बुद्धभूषणनं स्वतःच्या हातानं केलं. कॉम्प्रेसर, जाळी, पाइप, ब्लोअर. कॉम्प्रेसर एकदा उघडून बघितला, आतल्या चकत्यांवर त्यानं स्वतः मारलेले आकडे तसेच होते. सगळं मिळून वीस-बावीस किलो भरलं. ते त्यानं गोणपाटात गुंडाळून खाटेखाली सरकवलं. फेकवेना. डॅशबोर्डावरची बटणं तशीच ठेवली, ती आता कशाचीच नव्हती.

रविवारी तो एकटाच निघाला. कडुबाची औषधं पोचवायची होती. नक्षत्रवाडी ओलांडल्यावर त्यानं पाय जरा दाबला आणि बेडकी उधळली. बारा वर्षांत ती अशी कधी पळाली नव्हती. काचा खाली, गरम वारा कानात भरलेला, काटा मधोमध मेल्यासारखा शांत. चितेगाव आलं नि गेलं, बिडकीन कधी गेलं कळलंही नाही. साहेबानं आणली तेव्हा ही गाडी अशी असणार. त्याला मजा आली. मग शेजारच्या सीटकडं लक्ष गेलं आणि त्या मजेची त्याला इतकी शरम वाटली की त्यानं गाडी बाजूला घेऊन उभी केली. बाटलीतलं पाणी तोंडावर मारलं आणि पुढं चाळिसाच्या वर गेला नाही.

लिंबाखाली गाडी उभी राहिली. चंपाबाईला फोनवर सगळं सांगितलेलं होतं, तरी ती लाल खुर्ची घेऊन आली आणि नेहमीच्या जागी, रूपाच्या बाजूच्या काचेपाशी टेकली. काच पूर्ण खाली होती.

"जयभीम, जावईबापू. आज काच उघडीच?"

"व्हय आई. आता उघडीच असती."

त्यानं रूपाला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन म्हातारीच्या हातात दिला. नेट तुटत होतं. रूपाचं तोंड उघडं राहून चित्र थांबायचं, आवाज मागाहून यायचा. "दिसतीस का तू? आं?" म्हणत चंपाबाई फोन डोळ्याला लावायची. चार वाक्यं झाली आणि रेंज गेली. बुद्धभूषण पुन्हा लावत होता तेवढ्यात म्हातारीनं खिडकीतून हात आत घातला. बारा वर्षं जिथं काच होती तिथून तो हात सरळ आत गेला आणि रिकाम्या सीटवर टेकला. तिनं सीट चाचपली.

"लई तापलीय," ती म्हणाली.

"दिवाळीनंतर येणारच हाय रूपा. थंडी पडली की."

"दिवाळीला." चंपाबाईनं हात मागं घेतला आणि पदराला पुसला. "बगू. तवर ऱ्हाते का मी?" हे ती रडत म्हणत नव्हती. बाजाराला जायचं की नाही, तसं म्हणत होती. मग उठली, आतून कुरडयांचा डबा आणला आणि तो रूपाच्या जागेवर ठेवला. परतीच्या वाटेवर तो खडखडायला लागला तेव्हा बुद्धभूषणनं त्याला सीटबेल्ट लावला.

घरी आल्यावर रूपानं पहिला प्रश्न विचारला, "तापली का?"

"नाही."

"बगा! मी म्हणले नव्हते?" तिचा चेहरा उजळला. तिनं डबा उघडला, एक कुरडई मोडून बघितली, वास घेतला, झाकण लावलं आणि डबा बराच वेळ मांडीवरच ठेवला.

दुसऱ्या दिवशी पहाटे बुद्धभूषण मनाशी ठरवून उठला. सांगून टाकायचं. निदान पाणी तरी थांबवायचं, नाहीतर दिवाळीही निघायची नाही. तो अंगणात आला तेव्हा रूपा बॉनेट लावून हात पुसत होती, निळा कॅन पायाशी. पाणी घालून झालं होतं. इंजिन सुरेख चालू होतं आणि ती कान देऊन ऐकत होती.

"आवाज बगा कसा मोकळा झालाय," ती म्हणाली. "तुम्ही कशाला उठला इतक्या लवकर? थांबा."

ती आत गेली आणि माठातून पेला भरून घेऊन आली. "घ्या. उन्हाळा हाय, पाणी जास्त प्यायचं. परत खडा झाला म्हंजी मी कुठं नेऊ तुम्हाला?"

त्यानं पेला हातात घेतला. पाणी गार होतं, गोड होतं, आठव्या दिवसाचं नळाचं पाणी. रूपा समोर उभी राहून तो पितो की नाही ते बघत होती. तो सगळं प्याला आणि पेला तिच्यापुढं धरून म्हणाला, "अजून दे."